किडे किती, नावं किती

मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत सुरुवातीला एका कुटुंबाला २२५ चौरस फुटांचं घर मिळायचं. साधारण तेवढीच जागा, म्हणजे सुमारे २१ चौरस मीटर, अमेरिकेच्या न्यू जर्सी आणि डेलावेअरसमोरच्या समुद्राच्या तळातून एकदा उचलून वर आणली गेली. सलग नव्हे. ३० सेंटिमीटर लांब-रुंद पेटी तळातल्या चिखलात रुतवायची आणि भरली की ओढून घ्यायची, असं २३३ वेळा केलं. खोली १,५०० ते २,५०० मीटर. तिथे उजेड पोचत नाही, आणि खायला मिळतं ते वरून झिरपत येणारं उष्टं-खरकटं. अशा जागी फारसं काही राहत नसणार, असा फार काळ समज होता.

चिखल चाळला, चाळणीत राहिलेलं एकेक सूक्ष्मदर्शकाखाली निवडलं. प्राणी निघाले ९०,६७७. जाती निघाल्या ७९८. त्यातल्या जवळजवळ निम्म्या पॉलिकीट, म्हणजे अंगाच्या प्रत्येक वलयावर दृढरोमांचे झुबके मिरवणारे समुद्री कृमी. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात वलयी प्राण्यांचं उदाहरण म्हणून गांडूळ आणि जळूच्या शेजारी ‘नेरीस’ असतो, त्याचे हे भाऊबंद. आणि त्या ७९८ पैकी ४६० जातींना नावच नव्हतं. त्या कोणी कधी पाहिल्या नव्हत्या, किंवा पाहिल्या असल्या तरी लिहून ठेवल्या नव्हत्या.

फ्रेड ग्रासल आणि नॅन्सी मासिओलेक या दोघांनी १९९२ मध्ये ही मोजणी छापली आणि मग, कोणालाही मोह होईल तो हिशेब केला. किनाऱ्याला समांतर पुढे सरकत गेलं की दर चौरस किलोमीटरमागे साधारण एक नवी जात यादीत चढते, असं त्यांच्या आलेखावरून दिसत होतं. जगातला खोल समुद्र सुमारे ३० कोटी चौरस किलोमीटरचा. म्हणजे ३० कोटी जाती? एवढं म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही. महासागराच्या मध्यावर तळ अधिक उपाशी असतो, तिथे प्राणी विरळ, हे धरून त्यांनी आकडा खाली आणला : १ कोटी.

रॉबर्ट मे या इंग्लंडमधल्या गणिती जीवशास्त्रज्ञानं त्याच वर्षी त्याच पेट्यांवरून दुसरा हिशेब मांडला. त्याचं म्हणणं साधं होतं. सापडलेल्यांपैकी साधारण निम्म्या जाती आधीच माहीत होत्या ना? मग समुद्रात एकूण जाती माहीत असलेल्यांच्या दुपटीच्या आसपासच असणार. फार तर ५ लाख. चिखल तोच, किडे तेच, आणि दोन उत्तरांमध्ये वीसपटीचा फरक. मला यात कोण बरोबर यापेक्षा एवढंच महत्त्वाचं वाटतं, की २१ चौरस मीटरवरून ३० कोटी चौरस किलोमीटरबद्दल बोलायची पाळी यावी इतका आपला हात तोकडा आहे.

सूत्रकृमींच्या बाबतीत तर याहून मोठी उडी मारली गेली. हे केसाहून बारीक, चिखलात मुठीमुठीनं सापडणारे जीव. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जॉन लॅम्बशेड यांनी १९९३ मध्ये अंदाज दिला की समुद्रात त्यांच्या १० कोटी जाती असू शकतील. दहा वर्षांनी त्यांनीच दुसऱ्या लेखात हा आकडा १० लाखांच्याही खाली ओढला. शंभरपट घट, आणि तीही स्वतःच्या हातानं. असा प्रामाणिकपणा विज्ञानात असतो म्हणतात, पण इतक्या उघडपणे क्वचित दिसतो. प्रत्यक्षात नाव मिळालेल्या सागरी सूत्रकृमींच्या जाती काही हजारांतच आहेत.

नावं द्यायला सुरुवात झाली ती १७५८ साली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा कायदा त्या वर्षीची १ जानेवारी ही तारीख धरतो. त्याआधीचं कुठलंच नाव ग्राह्य नाही. कारण त्या वर्षी स्वीडनच्या कार्ल लिनीअसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती निघाली. त्यात साऱ्या जगातले प्राणी मिळून चार हजारांच्या थोडे वर होते आणि ते सहा वर्गांत बसवले होते : सस्तन प्राणी, पक्षी, उभयचर, मासे, कीटक आणि सहावा ‘व्हर्मिस’, कृमी. पहिल्या पाचांत जे बसलं नाही ते या सहाव्यात गेलं. गोगलगायी तिथे, शिंपले तिथे, तारामासे, जेलीफिश, माकूळ, प्रवाळ सगळे तिथे. हॅगफिश नावाचा माशासारखा प्राणी, ज्याला कवटीसुद्धा आहे, तोही लिनीअसनं कृमींतच टाकला. याच गर्दीत नेरीस होता आणि समुद्राच्या तळावर लवदार उंदरासारखा सरपटणारा ‘अ‍ॅफ्रोडिटा’ही होता. त्याला ग्रीकांच्या सौंदर्यदेवतेचं नाव का दिलं असेल, हे लिनीअसलाच ठाऊक. पुढच्यांनी मात्र ती प्रथा उचलली. युनीस, फायलोडोसी, हेसिओनी, लिसिडिसी, मार्फिसा अशी पॉलिकीटांच्या प्रजातींची यादी वाचली तर चिखलातल्या किड्यांची आहे असं कोणाला वाटणार नाही.

व्हर्मिसची ती खोली रिकामी करायला पुढची दीडशे वर्षं लागली. लामार्कला १७९३ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात ‘कीटक आणि कृमी’ या विषयाचा प्राध्यापक नेमलं, म्हणजे ज्याला दुसऱ्या कोणी हात लावला नसता ते खातं त्याच्याकडे आलं. त्यानं वलयी प्राणी वेगळे काढले. कृमी हा शब्द शास्त्राच्या वर्गीकरणातून त्यानंतर हळूहळू उतरत गेला. आज तो फक्त आकार सांगतो : लांब, मऊ, पाय नाहीत. लांब, मऊ आणि बिनपायाचे असलेले प्राणी एकमेकांचे नातेवाईक असतीलच असं नाही. त्यांतले काही एकमेकांपासून आपण माशीपासून असू तितके दूर आहेत.

पॉलिकीटांची अधिकृत मोजणी २०१९ मध्ये पाच संशोधकांनी मिळून केली : ११,४५६ मान्य जाती, १,४१७ प्रजाती, ८५ कुलं. हा आकडा मोठा वाटतो, पण त्याच लेखातला दुसरा आकडा मला त्याहून चकित करतो. ही सगळी नावं देणारे प्रमुख लेखक, १७५८ पासून धरून, ८३५. पृथ्वीचा ७० टक्क्यांहून अधिक भाग पाण्याखाली, त्यातल्या जवळपास प्रत्येक तळावर पॉलिकीट, आणि अडीचशेहून अधिक वर्षांत त्यांच्याकडे नीट बघून लिहायला पुढे आलेली माणसं एका मध्यम गावच्या ग्रामसभेत मावतील इतकी. माणशी सरासरी १४ जातीही नाहीत.

अर्थात सरासरी फसवी असते. काहींनी एकदोन नावं दिली आणि दुसरीकडे वळले, काहींनी आयुष्य दिलं. स्कॉटलंडचा विल्यम कारमायकल मॅकिंटॉश हा त्या दुसऱ्यांतला. पेशानं डॉक्टर, मनोरुग्णालयाचा अधीक्षक, पुढे सेंट अँड्र्यूजमध्ये प्राध्यापक. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या कृमींवरचा त्याचा ग्रंथ १८७३ मध्ये छापायला सुरुवात झाली आणि शेवटचा भाग निघाला १९२३ मध्ये. पन्नास वर्षं. सुरुवातीची रंगीत चित्रं त्याच्या बहिणीनं, रॉबर्टानं काढली. ग्रंथाचा पहिला भाग छापून येण्याआधीच, १८६९ मध्ये, ती बाळंतपणानंतर गेली. मधल्या काळात त्याच्या टेबलावर ‘चॅलेंजर’ जहाजानं साडेतीन वर्षं जगभर फिरून आणलेले पॉलिकीट येऊन पडले आणि १८८५ मध्ये त्यांचाही जाडजूड खंड त्यानं पुरा केला.

जगातला सर्वांत लांब प्राणी म्हणून ज्या किड्याचं नाव पुन्हापुन्हा छापलं जातं, तोही मॅकिंटॉशमार्फतच आला. १८६४ साली वादळानंतर सेंट अँड्र्यूजच्या किनाऱ्यावर एक लीनिअस लाँगिसिमस सापडला. हा नेमर्टी, बुटाच्या नाडीसारखा फीतकृमी. एका बरणीत त्याचं वेटोळं बसलं होतं. न तुटता ३० यार्ड, म्हणजे साधारण २७ मीटर मोजून झाले, आणि तरी निम्मंही वेटोळं सुटलेलं नव्हतं. सगळीकडे छापला जातो तो ५५ मीटरचा आकडा या ‘निम्मंही नाही’वर उभा आहे. मोजलेलं २७, बाकी गृहीत. त्यात हा किडा रबरासारखा ताणला जातो. निळ्या देवमाशाची लांबी ३० मीटरच्या आसपास, तेव्हा विक्रम खरा असेलही, पण तो पट्टीनं सिद्ध झालेला नाही, एवढं म्हणायला हरकत नाही.

आता नावांच्या हिशेबातली खरी गोम. यादीत नावं आहेत म्हणून तेवढे प्राणी आहेत असं होत नाही. बेल्जियममधल्या ऑस्टेंड इथून सागरी जातींची एक जागतिक नोंदवही चालवली जाते. शेकडो तज्ज्ञ तिची तपासणी करतात. २०१५ पर्यंत त्यांनी ४,१८,८५० नावं तपासली होती. त्यांतली १,९०,४०० दुबार निघाली, म्हणजे एकाच प्राण्याला वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळी दिलेली. उरल्या २,२८,४५० खऱ्या जाती. या घोळातली अव्वल मानकरी अटलांटिकच्या खडकांवरची एक छोटी गोगलगाय, लिटोरिना सॅक्सॅटिलिस. लिनीअसच्या दृष्टीनं तीही कृमीच. तिला आजवर ११३ नावं मिळाली. शंखाचा रंग जरा बदलला, जाडी जरा वेगळी दिसली की नवं नाव. नियम असा, की सर्वांत जुनं वैध नाव टिकतं, बाकीची ११२ ‘समानार्थी नावं’ म्हणून तळटीपेत जातात. पण ती पुसता येत नाहीत. कोणीतरी पुन्हा तेच नाव दुसऱ्या प्राण्याला देऊ नये म्हणून कायम सांभाळावी लागतात.

इथवर ऐकलं की वाटतं, बरं, म्हणजे यादी फुगलेली आहे, खऱ्या जाती कमी. नेमकी इथेच गाडी उलटी फिरते.

१९६९ च्या सप्टेंबरमध्ये ‘फ्लोरिडा’ नावाची तेलवाहू बार्ज मॅसॅच्युसेट्सच्या वेस्ट फालमाउथजवळ खडकांवर चढली आणि साडेसहा-सात लाख लिटर तेल किनाऱ्यावर सांडलं. तळातले बहुतेक प्राणी मेले आणि त्या रिकाम्या चिखलात कॅपिटेला कॅपिटाटा नावाचा लालसर, धाग्याएवढा पॉलिकीट अफाट संख्येनं वाढला. हा किडा प्रदूषणाची खूण म्हणून जगभर प्रसिद्ध होता. १७८० मध्ये ग्रीनलंडहून त्याचं वर्णन झालं होतं आणि त्यानंतर जिथे जिथे सांडपाणी तिथे तिथे तो ‘सापडत’ गेला. विशाखापट्टणम बंदरातल्या प्रदूषणाच्या अभ्यासातही त्याचीच नोंद आहे. या तेलकट चिखलात जूडिथ ग्रासल आणि तिचा नवरा फ्रेड (२१ चौरस मीटरवाला तोच) यांनी या किड्यांची विकरं वेगळी करून पाहिली. १९७६ मध्ये त्यांनी जाहीर केलं : ही एक जात नाही, सहा आहेत. दिसायला जवळपास एकसारख्या, पण अंड्यांचा आकार वेगळा, पिल्लं वाढवण्याची रीत वेगळी, आणि एकमेकींत संकर नाही. एका नावाखाली सहा बिऱ्हाडं. त्यांतल्या प्रयोगशाळेत सर्वाधिक वापरल्या गेलेल्या एका जातीला कॅपिटेला टेलेटा हे नाव मिळालं २००९ मध्ये. तेहतीस वर्षं ती ‘पहिल्या क्रमांकाची जात’ एवढ्याच ओळखीवर शोधनिबंधांतून वावरत होती.

मग ग्रीनलंडचा तो मूळ कॅपिटाटा आणि विशाखापट्टणमचा कॅपिटाटा एकच कशावरून? बहुधा नाहीच. आपल्याकडच्या यादीचं मोठं दुखणं हे आहे. भारताच्या किनाऱ्यावरच्या पॉलिकीटांचा आधारग्रंथ म्हणजे पिएर फोव्हेल या फ्रेंच प्राध्यापकाचा १९५३ सालचा खंड. पुस्तक उत्तम, मेहनत अफाट, पण त्या पिढीची धारणा अशी, की समुद्र सगळा एकमेकांना जोडलेला, तेव्हा किडेही सगळीकडे तेच असणार. इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरून मार्फिसा सँग्विनियाचं वर्णन झालं आणि पुढे तेच नाव ऑस्ट्रेलिया, जपान, भारत सगळीकडच्या तशाच दिसणाऱ्या, गळाला लावायला वापरल्या जाणाऱ्या किड्यांना चिकटलं. २००३ मध्ये पॅट हचिंग्ज आणि सहकाऱ्यानं डेव्हनचा नमुना नव्यानं निश्चित केला आणि तेव्हापासून त्या नावाखालून एकेक वेगळी जात बाहेर पडते आहे. चिल्का सरोवरातल्या पॉलिकीटांवर सदर्न यानं १९२१ मध्येच काम केलं होतं आणि तिथल्या मार्फिसाला वेगळं नाव दिलं होतं. जगभर राहणाऱ्या पॉलिकीटांबद्दल आज तज्ज्ञ आधी संशय घेतात, मग पुरावा मागतात.

तेव्हा गणित असं : एका प्राण्याला ११३ नावं आणि एका नावात सहा प्राणी. वही एकीकडून आकसते, दुसरीकडून फुगते, आणि दोन्ही एकाच वेळी चालू.

जातींपुरतंच हे असतं तर चाललं असतं. कधीकधी अख्खे संघ खालीवर होतात. इंडोनेशियाच्या समुद्रात १८९९-१९०० मध्ये फिरलेल्या ‘सिबोगा’ या डच जहाजानं दोऱ्यासारखे काही किडे आणले. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कोलरीनं १९१४ मध्ये जहाजावरून नाव ठेवलं, सिबोग्लिनम. तोंड नाही, आतडं नाही, कुठे बसवायचं कळेना. १९३३ मध्ये उशाकोव्ह या रशियन संशोधकानं ओखोत्स्क समुद्रातला असाच एक किडा पॉलिकीट म्हणून नोंदवला. त्याला कोणी मान दिला नाही. पुढे त्यांचा स्वतंत्र वर्ग झाला, १९४४ मध्ये स्वतंत्र संघ, पोगोनोफोरा, आणि आर्तेमी इव्हानोव्हनं १९६३ मध्ये त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचं नातं तारामाशांच्या, पर्यायानं आपल्या बाजूचं आहे असं मानलं गेलं. १९६४ मध्ये कळलं की आजवर सगळ्यांच्या हाती अर्धवट किडे आले होते. ओढून काढताना मागचं टोक चिखलात तुटून राहायचं. ते टोक सापडलं तेव्हा त्यावर वलयं होती आणि दृढरोम होते, गांडुळाच्या गोतातले.

तरीही संघ टिकला. उलट १९७७ मध्ये गालापागोसजवळ उष्ण झऱ्यांवर दोन मीटर उंचीचे, लाल तुऱ्याचे नळीकृमी सापडले. मेरेडिथ जोन्सनं त्यांना १९८१ मध्ये रिफ्टिया पॅकिप्टिला हे नाव दिलं आणि १९८५ मध्ये आणखी एक नवा संघ उभा केला. १९९७ मध्ये शरीररचना आणि डीएनए या दोन्ही बाजूंनी निकाल लागला. दोन्ही संघ बरखास्त. सगळे वलयी प्राणी, आणि तेही एकाच कुलात, सिबोग्लिनिडी. नाव पुन्हा कोलरीचं, आणि उशाकोव्ह चौसष्ट वर्षांनी बरोबर ठरला. त्यानंतर स्पूनकृमी आणि शेंगदाणाकृमी हे आणखी दोन संघ याच घरात विलीन झाले.

याच कुलात २००४ मध्ये ओसेडॅक्स आला. मॉन्टेरे उपसागरात सुमारे २,९०० मीटर खोल पडलेल्या देवमाशाच्या सांगाड्यात मुळं खुपसून तो हाडं खातो. सुरुवातीला सगळ्या माद्याच सापडल्या. नर शोधले तर ते मादीच्या नळीतच निघाले, सूक्ष्म, अळीच्या अवस्थेतून कधी मोठे न झालेले, काही माद्यांमागे तर शंभराच्या वर.

डीएनएनं मात्र नेहमी न्यायच केला असं नाही. स्वीडनच्या गुलमार फिओर्डमधला झेनोटर्बेला बॉकी हा किडा १९१५ मध्ये गोळा झाला, नाव मिळायला १९४९ उजाडलं. १९९७ मध्ये त्याचा डीएनए तपासून जाहीर झालं की हा शिंपल्यांचा नातेवाईक. २००३ मध्ये उलगडा झाला की तपासलेला डीएनए त्यानं खाल्लेल्या शिंपल्यांचा होता. त्याचा खरा पत्ता कोणता यावर अजून भांडणं चालू आहेत. २०१६ मध्ये प्रशांत महासागरातल्या त्याच्या आणखी चार भाऊबंद जातींचं वर्णन छापून आलं, त्यातल्या एकीला तळलेल्या स्पॅनिश चुर्रोचं नाव मिळालं.

आणि मोजायचं तरी काय? ऑस्ट्रेलियाच्या डार्विन बंदरातल्या स्पंजात राहणाऱ्या रॅमिसिलिस मल्टिकॉडाटा या पॉलिकीटाला डोकं एक आणि शेपट्या हजाराच्या वर. त्याचं शरीर स्पंजाच्या नळ्यांतून फाटे फोडत जातं. २०२२ मध्ये जपानच्या सादो बेटाजवळच्या त्याच्या भाऊबंदाचं वर्णन छापून आलं. त्याचं नाव गॉडझिलाच्या तीन डोक्यांच्या शत्रूवरून, किंगघिडोराही. नमुन्याच्या बरणीत तुटके तुकडे आले तर हजार किडे लिहायचे की एक, हा प्रश्न इथे विनोद राहत नाही.

२०१२ मध्ये शंभरावर तज्ज्ञांनी मिळून अंदाज बांधला : समुद्रात एकूण ७ ते १० लाख जाती असाव्यात. गोळा होऊन बरण्यांत पडलेल्या, पण नाव नसलेल्याच ५८,००० ते ७२,०००. त्याशिवाय अजून हातीच न आलेल्या ४,८२,००० ते ७,४१,०००. नाव देण्याचा वेग दशकाला सुमारे २०,०००, आणि हा तोवरचा सर्वाधिक. भागाकार केला तर या हाती न आलेल्यांनाच साधारण अडीचशे ते पावणेचारशे वर्षं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका पाहणीत सर्व प्रकारच्या जीवांसाठी निघालं, की नमुना गोळा झाल्यापासून नाव छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात.

घाई कोणाला आहे? खाणवाल्यांना. हवाई आणि मेक्सिको यांच्यामधल्या क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात, ६० लाख चौरस किलोमीटर तळावर, निकेल-कोबाल्टच्या बटाट्याएवढ्या गाठी पसरल्या आहेत. २०२३ मध्ये तिथल्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा ५,५७८ जाती मिळाल्या. नाव असलेल्या ४३८. आपलंही यात पाऊल आहे. जानेवारी १९८१ मध्ये ‘गवेषणी’ या जहाजानं अरबी समुद्रातून भारताच्या पहिल्या गाठी वर काढल्या, आणि मध्य हिंदी महासागरातला ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा आज भारताच्या नावावर आहे. तिथल्या चिखलातले प्राणी तपासण्याचं काम गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं केलं. न्यू जर्सीच्या त्या २१ चौरस मीटरच्या हिशेबानं असे तुकडे या पट्ट्यात ३५७ कोटी बसतात.

खाणकामाआधी तिथे कोण राहतं याची यादी द्यावी लागते. नाव नसेल तर प्रत्येक प्रयोगशाळा आपापले आकडे घालते : अमुक कुल, जात १, जात २, जात ३. एका जहाजाची जात ३ आणि दुसऱ्याची जात ७ एकच आहे का, हे कागदावरून कळत नाही. त्यासाठी दोन्ही बरण्या एका टेबलावर याव्या लागतात आणि त्या टेबलापाशी पॉलिकीट ओळखणारं माणूस बसलेलं असावं लागतं.